महादेवाची नाली

"नारळ तुम्हीच आणायचा. पायी जाऊन, स्वतःच्या हातानं," नलिनीबाई म्हणाल्या. "सोळा सोमवारांचं उद्यापन आहे. देवापुढे बोलून ठेवलंय मी, यजमान आणतील तो पहिला नारळ महादेवाचा."

मल्हाररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सात वेळा निवडून आलेले आमदार, मध्ये दोनदा मंत्री. उदयनगरच्या जंगलातल्या पुलापासून खातेगावच्या शाळेपर्यंत त्यांच्या हातून किती नारळ फुटले याची गणती नव्हती, पण विकत आणलेला एकही नव्हता. तो नेहमी कुणीतरी तबकात ठेवून समोर धरायचं.

"अनीशला पाठवतो," ते म्हणाले. अनीश त्यांचा स्वीय सहायक.

"अनीशचं व्रत नाही. आणि जरा लवकर या. माझ्या पोटात सकाळपासून पाणीसुद्धा नाही."

नलिनीबाई कधी आवाज चढवत नसत. म्हणूनच त्यांच्यापुढे मल्हाररावांचं काही चालत नसे. विरोधक निदान ओरडायचे, म्हणजे त्यांना उत्तर तरी देता यायचं.

देवासच्या टेकडीखालच्या दुकानातून नारळ घेऊन ते मागच्या गल्लीनं परत निघाले. सवयीनं नारळ दोन्ही हातांत, छातीशी धरलेला. चेहराही सवयीनंच थोडा गंभीर. चूक झाली ती इथेच. देवासमध्ये आमदाराच्या हातात असा नारळ दिसला की त्याचा अर्थ लोक एकच घेतात.

गल्लीतली विनीता दारापुढची पायरी धूत होती. ती उठून उभी राहिली. "दादासाहेब, आमच्या गल्लीतल्या नालीचं भूमिपूजन आज आहे? आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"नाही गं, हा घरचा नारळ आहे."

"मग आम्ही काय बाहेरचे आहोत?" असं म्हणून तिनं आत हाक मारली, "अहो, कुदळ काढा. दादासाहेब आलेत."

तिचा नवरा श्रीपाद कुदळ घेऊन आला. "भिया, बिना गाडी, बिना पोलीस, पैदल आलात. असा नेता कुठे दाखवा बरं." शेजारून हळदकुंकू आलं. कोपऱ्यावर लग्नासाठी ढोल आला होता, तो इकडे वळला. मल्हारराव समजावत होते, पण ढोलापुढे त्यांचा आवाज पोचेना.

तेवढ्यात कुणीतरी गळ्यात हार घातला, आणि तिथे सगळा घात झाला. गळ्यात हार पडला की मल्हाररावांच्या तोंडून आपोआप "हो जाएगा" निघत असे. तसं ते निघालं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दरवर्षी ज्यांच्या घरात पाणी शिरतं ती माणसं डोळे पुसत होती. मल्हाररावांची छाती फुगली, समोर दगड मांडलेला दिसला, आणि इतक्या वर्षांचा सराव असलेला हात वर गेला.

नारळाची बरोबर दोन भकलं झाली. मग त्यांना आठवलं, तो कुणाचा होता.

दुसरा नारळ घेऊन ते घरी पोचले, तोवर अनीशनं गल्लीतून आलेला व्हिडिओ कौतुकानं वहिनीसाहेबांना दाखवलेला होता.

"हा त्याहून मोठा आहे," मल्हारराव नारळ पुढे करत म्हणाले.

"पहिला महादेवाचा होता," नलिनीबाई हळूच म्हणाल्या. "तो तुम्ही नालीला वाहिलात. आता नाली महादेवाची. ती पुरी झाल्याशिवाय माझं उद्यापन होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तोवर मी अन्न घेणार नाही. मोरधन चालेल."

घरात एकच चूल. दुसऱ्या दिवसापासून उपासाचं मोरधन, म्हणजे वरीची भगर, आमदारांना, अनीशला, ड्रायव्हरला आणि कामं घेऊन येणाऱ्या सगळ्यांनाच. तुपात बुडवलेल्या दाल-बाफल्यांशिवाय ज्यांचा रविवार गेला नव्हता, ते मल्हारराव पानाकडे बघत आणि फोन उचलत.

इंजिनिअरसाहेबांना घरी बोलावलं. "फाइल भोपाळला अटकी है, सर," ते म्हणाले.

नलिनीबाईंनी त्यांच्यापुढे मोरधनाची बशी ठेवली. "घ्या. सावकाश होऊ द्या तुमचं काम, मला घाई नाही. फक्त अशक्तपणानं हल्ली पूजेला बसवत नाही, एवढंच."

इंजिनिअरसाहेबांनी बशी तशीच खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः भोपाळला गेले आणि फाइल बगलेत मारून घेऊन आले. मल्हारराव रोज सकाळी नालीच्या कडेला खुर्ची टाकून बसू लागले. सिमेंटची गाडी उशिरा आली तर आमदारांचं पोट आधी बोलायचं, मग आमदार.

पावसाआधी, जेठ सरायच्या आत नाली झाली. नलिनीबाईंनी वरच्या टोकाला कलशभर पाणी ओतलं, ते खळखळत खालपर्यंत गेलं. तिथे उभ्या असलेल्या विनीतानं पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी उद्यापन झालं आणि घरात बाफले शिजले. मल्हाररावांच्या साऱ्या कारकिर्दीत इतकं लवकर पुरं झालेलं दुसरं काम नव्हतं, आणि हे ते भेटेल त्याला अभिमानानं सांगत सुटले.

दुसऱ्या सकाळी कडक इस्त्रीचा कुर्ता घालून ते बैठकीत बसले. माणसं आली, चांगली अंगणभर आली. त्यांनी मल्हाररावांना वाकून नमस्कार केला आणि सगळी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"वहिनीसाहेब, आम्ही धार जिल्ह्यातून आलो, नालछ्याहून," एक म्हातारे अदबीनं म्हणत होते. "आमच्या रस्त्यासाठी एखादं व्रत धरता का? छोटंसं असलं तरी चालेल."

मल्हारराव कान देऊन ऐकत होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि अनीशला जवळ बोलावलं.

"आत जाऊन सांग त्यांना," ते म्हणाले, "आधी आपला मतदारसंघ."