पाव शेपटीची भेग

हौसा पाल ओरडून ओरडून थकली, पण तिचं कुणी खरं मानलं नाही. ऐका पोरांनो, आणि मध्ये बोलू नका.

एका जंगलात नदीवर लोखंडी पूल होता. वीस पट्ट्या जोडून केलेला. पुलाखाली हौसाचं बिऱ्हाड. तिथंच तिनं दोन अंडी घातलेली. पालीची अंडी एकदा चिकटली की हलवता येत नाहीत. म्हणून पुलाची काळजी तिच्याइतकी कुणालाच नव्हती.

अंड्यांच्या पलीकडच्या पट्टीला भेग गेली. हौसा शेपूट लावून मोजायची. पुनवेला एक शेपूट. अवसेला दोन. पुढच्या आठ दिवसांत पाच.

पहिल्या दिवसापासून भेटेल त्याला सांगून झालं, तेव्हा ती सिंहाकडे गेली. "महाराज, भेग लहान होती तोवर रांगत होती. आता पळतेय. हत्तीला पुलावर सोडू नका."

सिंहानं कोल्हेसाहेबांना बोलावलं. जंगलात भेगांचे जाणकार तेवढे एकच. पुलाखाली चिखल होता, म्हणून साहेबांनी झाडाखाली बसूनच गणित मांडलं.

"शेपटीचं माप चालत नाही," ते म्हणाले. "तुझी तर तुटते आणि परत उगवते."

"या महिन्यात तुटली नाही. बघा हवं तर."

"राहू दे. पट्ट्या वीस. एकोणीस धडधाकट. एकीला पाच शेपट्या. सरासरी काढली तर पट्टीमागे पाव शेपूट. एवढ्यानं पूल पडायला दोनशे वर्षं लागतील. भरवसा नव्व्याण्णव टक्के."

"अहो शहाणे, मोडेल ती पट्टी मोडेल. सरासरी कशी मोडेल?"

"उरलेला एक टक्का?" सिंहानं विचारलं.

"तो हिच्या समाधानासाठी ठेवलाय, महाराज."

सगळे पोट धरून हसले.

चार दिवसांनी सिंहाच्या लेकीची वरात पुलावर आली. पुढे हत्ती. हौसा खालून जीव तोडून ओरडली, "हत्तीदादा, मागं फीर."

"पाल चुकचुकली," हत्ती म्हणाला. "अपशकुन."

पाल चुकचुकली की आपल्यात काय करतात? तीनदा ठोकायचं आणि कृष्ण कृष्ण म्हणायचं. हत्ती रीतीचा पक्का. त्यानं पाय उचलला आणि ठोकला. दुसऱ्या ठोक्याला 'कृष्ण' म्हणाला. तिसऱ्या ठोक्याला पूल नव्हता.

वरात पाण्यात. नवरदेव दोन कोस वाहत गेला. हौसाकडचा अर्धा पूल मात्र शाबूत राहिला. अंडीही.

चौकशी कोल्हेसाहेबांकडेच. "गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "पुलाला अजून दोनशे वर्षं होती. हत्तीनं ठोकला. का ठोकला? पाल चुकचुकली. आणि महाराज, नेमकी हिचीच अंडी कशी वाचली?"

"अरे मुडद्या, मी महिनाभर सांगत नव्हते का?" हौसा म्हणाली.

"ऐकलंत? हिला महिनाभर आधी माहीत होतं."

तात्पर्य: भेग दिसली तर बाईनं डोळे मिटून बसावं. पूल काय, पडायचा तो पडतोच. पण जी ओरडते तिचंच नाव काठावरच्या दगडावर कोरतात. जाऊन वाचा. 'पूल पाडणारी : हौसा.'