दुर्गाकाकूंची रजा

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की दुसऱ्या दिवसापासून आमच्या शेजारच्या दुर्गाकाकू रजेवर जात. जात म्हणजे कुठे जात नसत. मागच्या पडवीतल्या झोपाळ्यावर बसत. दुपारची उष्टी काढली, भांडी पालथी घातली की हात पुसून त्या झोपाळ्यावर चढायच्या, आणि मग दिवेलागणीपर्यंत साक्षात ब्रह्मदेव अंगणात येऊन उभा राहिला तरी त्याला चहा मिळत नसे. "मी रजेवर आहे," एवढं उत्तर मिळे. दिवाळीच्या अनारशांचे तांदूळ भिजत घालायची वेळ आली की रजा संपायची.

ही गोष्ट तीस-पस्तीस सालच्या सुमाराची, चौलमधल्या आमच्या पाखाडीतली. समोरासमोर घरं, मधून लाल मातीचा रस्ता आणि प्रत्येक घरामागे नारळी-पोफळीची वाडी, अशी आमची पाखाडी होती. मी तेव्हा लग्न होऊन नुकती आले होते. पहिल्याच आश्विनात सासूबाईंनी मला काकूंकडे विरजण मागायला पाठवलं आणि मी हात हलवत परत आले. काकू रजेवर आहेत म्हणाल्या, असं सांगितलं, तर सासूबाई नुसतं "सुरू झाली वाटतं" म्हणाल्या आणि त्यांनी मला पलीकडच्या घरी पिटाळलं. बाईंना कुठेतरी नोकरी असावी, असं मी दोन दिवस समजत होते.

तसा समज तलाठ्यांचाही झाला होता. वाडीच्या हद्दीचं काहीतरी विचारायला ते भर उन्हात आले आणि त्यांनी पाणी मागितलं. काकूंनी आपलं ठरलेलं उत्तर दिलं. तलाठी हसले आणि कुठल्या खात्यात असता, म्हणून त्यांनी विचारलं. "चुलीच्या," काकू पुस्तकावरची नजर न काढता म्हणाल्या. तलाठ्यांनी निमूट विहिरीवर जाऊन पाणी शेंदून घेतलं, आणि जाताना माझ्या सासऱ्यांना सांगून गेले की बाईंचं डोकं ठिकाणावर नाही.

डोकं अगदी ठिकाणावर होतं. एकदा त्यांचं वासरू सुटलं आणि थेट पडवीत शिरलं. वाडीत काम करणारा रामा ते शोधत वाडीभर फिरला आणि शेवटी येऊन म्हणाला, "काकू, वासरू गोठ्यात न्हाय." काकूंनी झोपाळ्यावर पाय वर घेतले होते आणि वासरू त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या पदराचं टोक चघळत होतं. "हे काय, इथे आहे," त्या म्हणाल्या. मग ओरडलात का नाही, असं रामाने विचारलं. ओरडणं हे कामात मोडतं, असं काकूंचं म्हणणं पडलं.

त्यांनी दिवस मात्र फार विचार करून निवडले होते. पाऊस गेलेला असतो, पण वाडीतली माती अजून ओली असते, त्यामुळे शिंपण्याचा रहाट सुरू व्हायचा असतो. सुपारी नुसती पिवळी पडू लागलेली असते. भात शेतात उभं असतं. बाईमाणसाने थोडं बसलं तर आभाळ कोसळणार नाही, असे वर्षात एवढेच काय ते दिवस. बाकीच्या बायका हे दिवस निवडण्याटिपण्यात आणि एकमेकींच्या सुनांबद्दल बोलण्यात घालवत. काकू ते वाचण्यात आणि क्रोशाचं विणण्यात घालवत.

दोन्ही एकाच वेळी चाले, हे विशेष. सासूच्या पश्चात राहिलेलं पोथी वाचायचं घडीचं लाकडी व्यासपीठ त्यांनी झोपाळ्यासमोर स्टुलावर मांडलं होतं आणि त्यावर रहस्यकथा उघडी असे. सुताची गुंडी पितळी गडूत टाकलेली, म्हणजे ती घरंगळत नाही. डोळे पानावर आणि बोटं सुईवर. पान उलटायचं झालं की सुईच्याच बोथट टोकाने उलटत. विणत त्या फक्त गोल रुमाल. तांब्यावर, लोणच्याच्या बरणीवर, विरजणाच्या भांड्यावर घालायचे. घरातली भांडी संपली तेव्हा शेजाऱ्यांची सुरू झाली. आमच्या घरात झाकायची राहिलेली वस्तू म्हणजे माझे सासरे, असं सासूबाई म्हणत.

पुस्तकातल्या माणसांशी त्यांचं वागणं पाखाडीतल्या माणसांसारखंच होतं. "तो वकील मला आला तेव्हापासून पसंत नव्हता," असं त्या सांगू लागल्या की कुणाच्या घरी वकील आला, म्हणून बायका कान टवकारत. लेखकाने सूर्यास्ताचं किंवा नायिकेच्या केसांचं वर्णन लांबवलं की काकू मोठ्याने "कळलं, पुढे चला," म्हणायच्या. मी त्यांच्याकडे विणकाम शिकायला जाऊ लागले तेव्हा दुपारभर हे "पुढे चला" ऐकू येई. माझ्या चुकलेल्या टाक्यांनाही त्या तेच म्हणत. उसवायला लावलं नाही कधी, त्यामुळे माझे रुमाल अजूनही गोल होत नाहीत.

हे रजेचं खूळ त्यांच्या डोक्यात कुणी भरलं, याबद्दल पाखाडीचं एकमत होतं. पाखाडीच्या टोकाला हन्नाबाई राहत. त्या बेने इस्राएल, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू. काकूंना क्रोशाची सुई धरायला त्यांनीच शिकवलं. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे आणि त्या कसल्याही कामाला हात लावत नसत. रजेच्या दिवसांतल्या शनिवारी त्या काकूंकडे यायच्या, हात मांडीवर ठेवून बसायच्या, आणि काकू त्यांना वाचून दाखवायच्या. सुई हाती न घेता काकूंच्या टाक्यांना तोंडाने नावं ठेवणं मात्र हन्नाबाईंच्या धर्मात बसत असावं. काकूही म्हणत, "त्यांचा देव दर आठवड्याला रजा देतो. आपला देत नाही, म्हणून मी घेते." मलाही हे कारण पटलं होतं.

पुस्तकं आणि सूत येई मुंबईहून. पावसाळ्यात बंद असलेली आगबोट पुन्हा सुरू झाली की तिच्यातून केशवकाका, म्हणजे काकूंचे यजमान, एक पार्सल पाठवत. काका मुंबईला एका कापसाच्या कंपनीत हेडक्लार्क होते. गिरगावात चौघांत मिळून खोली, जेवण खानावळीत. घरी येत ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आंब्याला. वाडी आणि म्हातारी आई सांभाळायला काकू चौलात, आणि पगार सांभाळायला काका मुंबईत. आमच्याकडे अर्ध्या घरांची अशीच वाटणी होती, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटत नसे. मूलबाळ नव्हतं. सासू वारल्यावरही वाडीसाठी काकू तिथेच राहिल्या.

मग एका वर्षी काका नोकरीतून निवृत्त झाले आणि गणपतीला आले ते राहिलेच. पाखाडीत मोठी उत्सुकता निर्माण झाली. काकांनी काकूंची रजा आजवर नुसती ऐकली होती, पाहिली नव्हती. आश्विनात ते कधी घरी नसतच. आता नवरा घरात असताना ही बाई कशी झोपाळ्यावर बसते ते बघू, असं माझ्या सासूबाई म्हणाल्या. काकू कुणाला भिणाऱ्या नव्हत्या, पण नवरात्रात हळदीकुंकवाला आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्या खेपेला काय होतंय, देवालाच ठाऊक. ही एवढी दुपार गेली, तर माझ्याकडे माझं असं काही राहत नाही गं." त्यांना इतक्या खालच्या आवाजात बोलताना मी प्रथमच ऐकलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काका वामकुक्षी आटोपून उठले आणि त्यांनी चहा मागितला. ऑफिसात ठरल्या वेळी शिपाई चहा आणून देई, ती सवय. पडवीतून उत्तर आलं. काका जाणते क्लार्क. रजा मंजूर कोणी केली, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, मी. बदलीवर कोण आहे? काकू म्हणाल्या, कुणी नाही, खातंच बंद आहे. काकांनी स्वतः चूल पेटवून पाहिली, घरभर धूर केला, आणि छत्री घेऊन आमच्या ओटीवर आले. पुढे रोजच येऊ लागले. त्यांचा चहा मी करत होते आणि माझे सासरे त्यांना सल्ला देत होते. सल्ला एकच, की वेळीच कडक व्हा.

एके दिवशी काका कडक झाले. मी तेव्हा काकूंच्या माजघरात दाराआड बसून सुताचा गुंता सोडवत होते. काका पडवीत आले ते मला कळलं, पण बाहेर पडायचं तर त्यांच्या समोरून जावं लागलं असतं. म्हणून बसून राहिले. खरं सांगायचं तर उठावंसं वाटतही नव्हतं.

"हे बघ," काका म्हणाले, "मी नव्हतो तोवर चाललं. आता मी घरी आहे. लोक हसताहेत. ही रजा आजपासून बंद."

काकूंनी पायाने झोपाळ्याला थोडा रेटा दिला. "करा बंद," त्या म्हणाल्या. "तुमचीच आहे."

काकांना काही उमजलं नाही. मलाही नाही. मग काकूंनी विणता विणताच सांगितलं. लग्नाला दुसरं वर्ष होतं. गणपती आटोपून मुंबईला परतताना काका मागच्या दारी, आसपास कुणी नसताना, त्यांना म्हणाले होते की दसऱ्यानंतर पंधरा दिवसांची रजा काढून येतो. तेव्हा कामं नसतात. दुपारी पडवीत बसू, मी तुला पुस्तक वाचून दाखवीन. काकूंनी तेव्हापासून कामाचा धडाका लावला. तांदूळ निवडले, पोहे कांडून ठेवले, घर सारवून घेतलं. आगबोट आली. काका आले नाहीत; रजा मिळाली नाही, असा कुणाबरोबर तरी निरोप आला.

"पंधरा दिवसांची कामं उरकून बसले होते मी," काकू म्हणाल्या. "करायला काही नव्हतंच. म्हणून तुमची रजा मी घेतली. पुढच्या वर्षी याल, असं वाटलं. त्याच्याही पुढच्या वर्षी वाटलं. मग घेतच गेले. आता आलात, तर घ्या परत."

मला दाराआड रडू कोसळलं. इतकी वर्षं सगळ्या पाखाडीने हसून घेतलं होतं, मीही घेतलं होतं, आणि ह्या बाईने एका शब्दाने कुणाला कारण कळू दिलं नव्हतं.

 काका झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. नवराबायको दिवसाउजेडी एका झोपाळ्यावर बसलेली आमच्या पाखाडीत मी तोवर पाहिली नव्हती.

"रजा मिळाली होती," ते म्हणाले.

काकूंचा हात थांबला.

"धक्क्यापर्यंत आलो होतो. ट्रंक घेऊन. मग वाटलं, आई विचारील, कशाला आलास? ना सण, ना कार्य, ना कुणी आजारी. काय सांगणार होतो तिला? परत खोलीवर गेलो."

दाराच्या फटीतून मला काकूंची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. आता काकांची धडगत नाही, असं मला वाटलं, आणि तेव्हा मला ते योग्यच वाटलं.

"इतकी वर्षं मी तुमच्या त्या साहेबाला शिव्या देते आहे," काकू म्हणाल्या. "दर दसऱ्याला. बिचाऱ्याचा काही संबंध नसताना."

मग त्या काकांकडे वळल्या.

"आणि पंधरा दिवस केलंत काय?"

"तुझ्यासाठी पुस्तक घेतलं होतं. ते वाचलं."

"ते मला कधी आलं नाही. बाकी सगळी पाठवलीत."

"ते पाठवायचं नव्हतं," काका म्हणाले. "वाचून दाखवायचं होतं."

 काकूंनी समोरचं पुस्तक मिटलं. कुठवर आलो त्याची खूणही घातली नाही. ते पुस्तक आता कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. खोलीवरून कुणीतरी नेलं ते परत आलंच नाही, असं काका म्हणाले.

"लक्षात आहे?"

"सगळं."

"मग तोंडी सांगा," काकू म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या.

काका सांगू लागले. इतकं वाईट गोष्ट सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. जन्मभर कंपनीचे खलिते लिहिलेले. "सदर मुलीचा मामा तेथे हजर झाला," अशी भाषा. मुलीचं नाव त्यांनी दोनदा बदललं. मामाला आधी मारलं, मग तो पुढे लागतो म्हणून जिवंत केला. काकूंनी एकदाही अडवलं नाही. मला उठता येईना, सासूबाई घरी वाट बघत असणार, आणि गोष्टीतल्या मुलीचं लग्न काही लागत नव्हतं.

अंधारून आलं तरी दोघांपैकी कुणी दिवा लावायला उठेना. शेवटी मीच पदर सावरून बाहेर आले आणि कंदील पेटवून झोपाळ्याशी ठेवला. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मामाने मुलीला बंदरावर का नेलं, ते सांगायचं मघाशी राहून गेलं होतं, ते आता ते सांगत होते.