पाहुणचाराचं मीठ

माणसाच्या देहात सोडियम आणि पोटॅशियम यांचा समतोल हवा, याबद्दल कोणाचंच दुमत नाही. ज्यांना ही नावं उच्चारता येत नाहीत त्यांचंही नाही.

आमच्या कामिनुमा गावात पाच महिने बर्फ असतं. तेवढे दिवस करण्याजोगं एकच काम उरतं, शेजाऱ्याकडे चहाला जाणं. चहा म्हणजे अर्थात लोणचं. (नुसता चहा पिणाऱ्याला आमच्याकडे आजारी समजतात.) धुरी दिलेला मुळा, मिसोत, म्हणजे सोयाबीनच्या खारट लगद्यात, मुरलेली काकडी अशी बशी यजमानीण पुढे सरकवते. ती रिकामी न करता उठणं म्हणजे तिचा, तिच्या सासूचा आणि बरणीचा अपमान.

अशा गावात आरोग्य समितीने लघवी तपासायचं यंत्र आणलं. पोटॅशियमच्या मानाने सोडियम किती, याचा आकडा त्यात उमटतो. दोनच्या आत असला तर माणूस शहाणा. गावाची सरासरी पाच निघाली. समितीने खेद व्यक्त केला आणि रोजची नोंद सक्तीची केली.

पोटॅशियमची नोंद सोपी गेली. केळं खाल्ल्याचं कोणी लपवत नाही. पेच पडला सोडियमचा. शेजारी खाल्लेलं लोणचं कोणाच्या नावे मांडायचं? खाणाऱ्याच्या नावे मांडावं, तर यजमानिणीवर पाहुण्याला मीठ चारल्याचा ठपका येतो. तिच्या नावे मांडावं, तर तिने ते खाल्लेलंच नाही. अध्यक्षा शिगेयो ओइकावाबाईंनी विचारान्ती निकाल दिला की पाहुणचाराचं मीठ मोजू नये. निकाल एकमताने झाला. बैठकीत लोणचं होतं.

त्यानंतर गावाने मीठ जवळजवळ सोडलंच. घरी कोणी लोणच्याला शिवेना. सगळे एकमेकांकडे खात. नोंदी अशा सुधारल्या की वाटावं, या लोकांनी समुद्राचं नावही ऐकलं नसावं. यंत्राचा आकडा मात्र चढत गेला. यंत्राला थंडी बाधत असल्याचं समितीच्या लक्षात आलं, आणि त्याला लोकरीचा अंगरखा विणून घालण्यात आला.

तोकुजी कुमागाई माझा शेजारी. बायको गेल्यापासून एकटा. त्याचा आकडा आठ. सेंदाई शहरात राहणारी त्याची मुलगी मिएको हिने फोनवर बजावलं, बर्फ वितळेपर्यंत आकडा तीनच्या आत आला नाही तर मी तुम्हांला इकडे सातव्या मजल्यावर घेऊन येणार. तोकुजीला उंचीची भीती नव्हती. खालून कोणी हाक मारली तर तिथे ऐकू येणार नाही, याची होती.

गाव मदतीला धावलं. समितीने त्याच्या घरातलं मीठ, मिसो, सोयाचा सॉस, सगळं हलवून सुरक्षित ठेवलं (म्हणजे वाटून घेतलं). आता बिचारा घरी अळणी जेवतो, म्हणून जो तो त्याला चहाला बोलावू लागला. सकाळी तीन घरं, दुपारी चार. माझ्याकडे आला की मी बशी काठोकाठ भरायचो. संकटातल्या माणसापुढे अर्धी बशी कशी ठेवायची? शिवाय प्रत्येक घरी त्याच्या हातावर एक केळं ठेवत, समतोलासाठी.

बर्फ वितळलं. मिएको आली. तिच्यासमोर यंत्राने अकरा दाखवले. तिने बापाचं स्वयंपाकघर पालथं घातलं. मिठाचा कण सापडला नाही.

"बाबा, तुम्ही खाता तरी कुठे?"

"मी कुठे खातो गं," तोकुजी म्हणाला. "मी लोकांचा मान राखतो."

ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही तरी आवरायचंत ना त्यांना."

"अगं, आधी टेक तरी," मी म्हणालो, आणि बशी पुढे सरकवली. तिने खाल्लं. शेवटी आमच्याच गावची पोर.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन गेली. निरोपाला प्रत्येक घराने लोणच्याची एकेक बादली दिली. मिएकोची गाडी वजनाने मागून खाली बसली. वळणापलीकडच्या बसथांब्यावर त्या बादल्या ओळीने ठेवलेल्या सापडल्या.

गावातला सर्वांत मोठा आकडा गेल्याने त्या महिन्यात सरासरी उतरली. वार्षिक अहवालात ओइकावाबाईंनी त्याचं श्रेय गावाच्या एकजुटीला दिलं.

परवा तोकुजीचा फोन आला. आकडा दोनच्या आत आलाय म्हणाला. मी अभिनंदन केलं.

"होणारच की," तो म्हणाला. "इथे कोणी बोलावतच नाही."

समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. हे वाचताना ज्यांना स्वतःची सोडून दुसऱ्या कोणाची तरी आठवण झाली, आणि त्याला हे वाचायला द्यावं असं वाटलं, त्यांनी अर्ज करावा. अनुभवाची अट त्यांनी पूर्ण केलेली आहे.