काशिनाथआण्णांचा अर्धा सेकंद

काशिनाथआण्णांच्या घरी जेवायला हाक मारत नाहीत, घोषणा होते. दुपारी पाऊणच्या सुमारास त्यांच्या पाचही खोल्यांतून एकदम आवाज येतो, "कृपया लक्ष द्यावे. पहिली भाकरी ताटाला लागलेली आहे. बसणाऱ्यांनी हात धुऊन घ्यावेत." आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून आहे. त्यामुळे गेले काही महिने आमचीही जेवायची वेळ तीच झाली आहे.

आण्णा निवृत्त वाहतूक नियंत्रक. नोकरीची बहुतेक वर्षं बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत, माइकसमोर गेली. निवृत्त होऊन अणदूरला आले, पण ती भाषा काही सुटली नाही. त्यांच्याकडे पाहुणा येत नाही, 'लागतो'. जात नाही, 'सुटतो'. तामलवाडीच्या बहिणीचा मुक्काम लांबला की ते आम्हाला हळूच सांगतात, "अजून फलाटावरच हाय." वेळेबाबत त्यांचं एकच म्हणणं असतं, "टायमिंग म्हंजे टायमिंग." गावातल्या एका लग्नाचा मुहूर्त टळला, तेव्हा ते हातातल्या अक्षता खिशात घालून घरी परत आले होते.

दिवाळीत पुण्याहून त्यांचा मुलगा महेश आला. त्यानं जुना टीव्ही काढून बैठकीच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला. नव्या टीव्हीचा आवाज बैठकीच्या बाहेर जाईना, म्हणून घरभर आवाज पोचवणारी होम थिएटर सिस्टिमही बसवून दिली. बिनवायरची. एक लांबोडका स्पीकर टीव्हीखाली आणि बाकीचे माजघरात, स्वयंपाकघरात, माडीवर आणि मागच्या पडवीत. सोलापूरहून आलेल्या माणसानं दोन तासांत काम संपवलं आणि तो चहाला बसला. चहा संपायच्या आत आण्णांनी तक्रार नोंदवली. स्वयंपाकघरातला आवाज बैठकीतल्या आवाजाच्या मागून येतो.

तो म्हणाला, अर्धा सेकंदसुद्धा फरक नसेल, काका.

"अर्ध्या सेकंदात गाडीचं दार लागतं," आण्णा म्हणाले.

तो माणूस आणखी तीनदा आला. चौथ्यांदा त्यानं फोन उचलला नाही.

मग आण्णांनी तपास स्वतःकडे घेतला. माजघराच्या उंबऱ्यावर, एक कान बैठकीकडे आणि एक कान स्वयंपाकघराकडे करून ते तासन् तास उभे राहू लागले. पुढं त्यांनी मला कामाला लावलं. मी स्वयंपाकघरात ताट आणि पळी घेऊन उभं राहायचं, स्पीकरमधून तबल्याची थाप आली की ताट वाजवायचं. ते बैठकीत घड्याळ धरून बसणार. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, परातीत पीठ मळता मळता माझ्याकडे बघत होत्या. "तुमालाबी ड्युटी लागली व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या. आण्णांनी निकाल दिला की स्पीकर लेट आहेच, पण माझा हातही लेट आहे, तेवढा वजा करावा लागेल.

शेवटी बिनवायरचे स्पीकर खोक्यात गेले. आण्णांनी सोलापूरहून अॅम्प्लिफायर, एक माइक, साधे स्पीकर आणि वायरची दोन भेंडोळी आणली. भिंतींना खाचा पडल्या. देव्हारा दोन बोटं सरकला. गल्लीचं मत होतं की माणूस रिकामा आहे आणि पेन्शन वेळेवर येते. मलाही तसंच वाटत होतं. स्वयंपाकघरात ते स्टुलावर चढून खिळे ठोकत होते आणि मी स्टूल धरलं होतं, तेव्हा मी विचारलं की अर्ध्या सेकंदानं कुणाचं काय अडलंय?

आण्णांनी आधी दाराकडे पाहिलं. काकू मागं विहिरीवर होत्या.

त्यांनी जे सांगितलं ते कळायला त्या घरातली रोजची संध्याकाळ माहीत हवी. रात्रीच्या जेवणाआधी टीव्हीवर विनोदी नाटुकल्यांचा एक कार्यक्रम लागतो. आण्णांचे वडील, नव्वदीचे आप्पा, बैठकीत दिवाणावर बसून तो बघतात. गल्लीतले आम्ही पाच-सहा जण सतरंजीवर असतो. सुमनकाकू त्या खोलीत बसत नाहीत. लग्न होऊन आल्या तेव्हापासून सासऱ्यांसमोर त्या बसलेल्याच नाहीत. कुणी मनाई केली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं. त्या स्वयंपाकघरात भाकरी थापत कार्यक्रम ऐकतात. त्यातली एकही व्यक्ती त्यांनी पाहिलेली नाही, पण आवाजावरून सगळ्यांना ओळखतात. आण्णांनी मागं एकदा त्यांना स्वयंपाकघरात लहान टीव्ही आणून दिला होता. काकूंनी त्यावर भरतकामाचा रुमाल घातला आणि वर डाळीचे डबे ठेवले. एकटीनं काय हसायचं, म्हणाल्या.

"जुना टीव्ही होता तवा बरं हुतं," आण्णा स्टुलावरून म्हणाले. "बैठकीत समदे हसायचे, त्यातच ही हसून घ्यायची. कुणाला कळायचं न्हाय. ही सिस्टिम आली आन् हिला मागनं ऐकू यायला लागलं. तिकडं समदे हसून गप्प झाले की मग ही हसायची. एकटीच. दुसऱ्याच दिवशी आप्पांनी विचारलं, आत कोण हसतंय?"

त्यांनी एक खिळा ठोकला.

"रागानं न्हाय विचारलं. सहज विचारलं. पर तवापासनं हिनं हसायचंच सोडलंय."

मी स्टूल जरा घट्ट धरलं.

वायरिंग पुरं झालं त्या संध्याकाळी आम्ही सगळे नेहमीसारखे बैठकीत होतो. कार्यक्रम सुरू झाला. आण्णा टीव्हीकडे पाठ करून माजघराच्या दारात उभे होते. पहिल्या विनोदाला बैठक हसली. आण्णांनी मान तिरकी केली. दुसऱ्याला हसली, तिसऱ्याला आप्पांना ठसका लागेपर्यंत हसली. आण्णांचा चेहरा उतरत चालला होता. बैठक गप्प झाल्यावर आतून काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी मला डोळ्यानं खूण केली. दारात गेल्यावर ते कुजबुजले, "काही कळंना. गप्प बसलीय का बरोबर हसतीय?"

हा पेच त्यांच्या ध्यानात आधी आला नव्हता, माझ्याही नाही. काम नीट झालं असेल, तर ते झालं हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो. चुलीपुढं काकू दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. हातावर अर्धी थापलेली भाकरी होती. भिंतीवरच्या स्पीकरमधून कुणीतरी कुणाला तरी सासुरवाडीला जायचा रस्ता चुकीचा सांगत होता. बैठकीत हशा उसळला आणि त्याच क्षणी काकूंचे खांदे हलले. नुसते खांदे नाहीत. त्या मोठ्यानं, तोंड उघडून हसत होत्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पिठाच्याच हातानं पुसलं. तव्यावरची भाकरी एका बाजूनं काळी झाली होती. मी पाणी न पिता परत फिरलो.

आण्णा तिथंच उभे होते.

"बरोबर का मागनं?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. मग बैठकीत येऊन सतरंजीवर बसले, टीव्हीकडे तोंड करून, आणि थोड्या वेळानं आप्पांना विचारलं की हा कोट घातलेला माणूस कोण.

आप्पा वैतागले. "इतका येळ कुठं हुतास?" ते म्हणाले.