बार्बाडोस की ट्रिनिदाद?

ऑस्बर्टकाकांनी सकाळी दोन कप कोको केला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की प्यायला आपण एकटेच आहोत. इओनाकाकू जाऊन वर्ष होत आलं होतं, पण ते हातांना कळेल तेव्हा ना! दुसरा कप त्यांनी नेहमीप्रमाणे पायरीजवळच्या जास्वंदीला घातला. ती जास्वंद अख्ख्या गावात सगळ्यांत धष्टपुष्ट होती.

त्या रविवारी बार्बाडोसहून मुलाचा, केर्विनचा, फोन आला.

"डॅडी, तुम्ही आता ग्रेनाडात एकटं राहायचं नाही. आम्हाला काळजी वाटते."

काकांचं काळीज सुपाएवढं झालं. "मग तुझ्याकडं येऊ? तिथं राहायचा परवाना कसा मिळतो रे?"

"इथं? छे छे! इथं कागद मागून मागून जीव खातात. बँकेचं पत्र आणा, डॉक्टरचं आणा, तुम्ही जिवंत आहात म्हणून दोन साक्षीदार आणा. त्यापेक्षा ट्रिनिदादचं बघा. तिथं सगळं सुटसुटीत. शर्मेनचं घरही ऐसपैस आहे."

काकांनी लगेच ट्रिनिदादला मुलीला फोन लावला.

"ट्रिनिदाद?" शर्मेन जवळजवळ किंचाळलीच. "कुणी सांगितलं तुम्हाला? इथल्या कचेरीत रांगेला लागलेला माणूस घरी परततो ना, तेव्हा त्याची पोरं त्याला ओळखत नाहीत! बार्बाडोस कसं शिस्तीचं. आणि केर्विनकडं अंगण आहे, डॅडी. तुम्हाला अंगण लागतं."

अशी टोलवाटोलवी बरेच दिवस चालली. बार्बाडोसचे फायदे ट्रिनिदादहून कळत आणि ट्रिनिदादचे बार्बाडोसहून. "बघितलंस इओना," काका जास्वंदीला सांगत, "केवढ्या मोठ्या मनाची पोरं! ज्याला त्याला दुसऱ्याच्या देशाचं कौतुक." घोडं कुठं पेंड खातंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. जन्मभर जायफळाच्या वखारीत नुसत्या हातानं पोचट जायफळ बाजूला काढलेला माणूस तो. पण कळलेलं कबूल केलं, तर मग उरलं काय?

दोघा मुलांचं एकमत एवढ्याच गोष्टीवर होतं, की कुठंही जायचं तरी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. म्हणून एका सोमवारी काका चर्चचा शर्ट घालून ग्लॅडस्टनच्या मिनीबसमध्ये चढले.

"काय काका, शहरात कुणाचं लग्न?" ग्लॅडस्टननं आरशातून विचारलं.

"नाही रे, पोलीस ठाण्यात जायचंय. दाखला हवाय."

ग्लॅडस्टननं चालू गाणं बंद केलं. आमच्याकडं पोलिसांचा दाखला काढतो तो फक्त देश सोडणारा. इथं राहणाऱ्याला कशाला लागतो? इथं सगळ्यांचं चारित्र्य सगळ्यांना पाठ असतं.

"म्हणजे काका, चाललात तुम्ही!"

"अरे नाही, कुठं जातोय मी? अजून काही ठरलेलं नाही."

हे ऐकून बसमधल्या सगळ्यांची खात्रीच पटली. परदेशी जाणारा माणूस आमच्याकडं विमानात पाय ठेवेपर्यंत कबूल होत नाही. नजर लागते, हातात आलेला परवाना परत जातो. पोस्टातला अल्फियस बॅगा घेऊन विमानतळावर सापडला होता, तरी म्हणाला, "सहज आलो होतो." तेव्हा 'अजून ठरलेलं नाही' याचा आमच्याकडचा अर्थ 'पुढच्या आठवड्यात' असा होतो.

काका घरी पोचले, तर दारात समोरच्या रमच्या दुकानाची मालकीण, सगळ्या गावाची टांटी म्हणजे मावशी, मर्ल कमरेवर हात ठेवून उभी.

"ऑस्बर्ट, मेल्या, पन्नास वर्षांचा शेजार आणि मला बसमधून कळतं होय?"

"अगं मर्ल, मी कुठंही जात नाहीये."

"बरोबर आहे. असंच म्हणावं," टांटीनं डोळा मिचकावला. "नजर वाईट. मग माझ्यासाठी काय ठेवून जातोयस? ती किटली दे. इओनाची आठवण."

किटली द्यायची म्हणजे काकांच्या जिवावर आलं. पण टांटी खुर्ची ओढून बसली होती. इओनाचे किस्से सांगत होती, हसत होती, मधूनच पदर नसताना डोळे पुसत होती. काकू गेल्यावर नवव्या रात्री प्रार्थनेला गाव जमलं होतं, त्यानंतर त्या घरात कुणी एवढा वेळ बसलं नव्हतं. टांटी उठायला लागली तसे काका घाईघाईनं म्हणाले, "कपपण बघ ना. दोन आहेत." त्यावर ती आणखी घटकाभर बसली.

मग रीघ लागली. ग्लॅडस्टननं क्रिकेट ऐकायचा रेडिओ नेला. पास्टर हेक्टर आरामखुर्ची घेऊन गेले. म्हणाले, देवाच्या घरी टेकायला बरी. कुणी कोंबड्या नेल्या, कुणी टेबल. प्रत्येकाला काका शपथेवर सांगत, "मी जात नाहीये," आणि प्रत्येक जण म्हणे, "अगदी बरोबर, काका!" घर रिकामं होत चाललं होतं आणि काका मात्र खुशीत होते. आज खाट गेली, उद्या कोण येईल, याची ते वाट बघत बसायचे.

शनिवारी चर्चच्या अंगणात गावानं निरोपाचं जेवण घातलं. नारळाच्या दुधात नीरफणस आणि खारवलेलं मांस रटरटत होतं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "पण काका चाललेत कुठं?" आणि गावात उभी फूट पडली.

"बार्बाडोस! तिथं पाणी चांगलं."

"पाणी काय चाटायचंय? ट्रिनिदादला खाण्याची चंगळ. आणि परवान्याला त्रास नाही."

"तुला रे काय माहीत? तू पलीकडच्या बंदराच्या पुढं कधी गेलायस का?"

पास्टर प्रार्थनेला उभे राहिले. "हे परमेश्वरा, आमच्या या बंधूला सुखरूप ने…" म्हणाले आणि थांबले. "बार्बाडोसला!" डावीकडून ओरडा आला. "ट्रिनिदादला!" उजवीकडून. परमेश्वराचीसुद्धा पंचाईत झाली असणार.

"थांबा, पोरांनाच विचारू," असं म्हणून ग्लॅडस्टननं काकांचा फोन घेतला. काका "नको, नको रे" म्हणेपर्यंत त्यानं दोन्ही देशांना एकदम जोडलं आणि आवाज मोठा केला.

"तुमच्या डॅडींचा दाखला आला! बोला, कुणाकडं पाठवू?"

"ट्रिनिदाद," बार्बाडोस म्हणालं.

"बार्बाडोस," ट्रिनिदाद म्हणालं.

"शर्मेन, तुझ्याकडं तीन खोल्या आहेत."

"आणि माझ्या सासूबाई कुठं ठेवू? तू मुलगा आहेस ना? ठेव की तू!"

"माझी बायको नाही म्हणते. आधी तू सहा महिने ठेव, मग बघू."

"म्हणजे कायमचे माझ्याच गळ्यात!"

अंगणात पातेलं तेवढं बुडबुडत होतं. काकांनी पुढं होऊन फोन हातात घेतला. आवाज नीट होता.

"भांडू नका रे. मी कुठंच येत नाही. जेवलात का दोघं?" त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला आणि ते खाली बघत उभे राहिले. आता वर बघायचं तरी कुणाकडं?

पहिली टांटी मर्ल बोलली. "काय बाई ते फोन! नुसती खरखर. मला एक अक्षर कळलं नाही. तुला कळलं का रे, ग्लॅडस्टन?"

"नाही ना! समुद्राचं वारं," ग्लॅडस्टन म्हणाला. पास्टर जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी कानात बोट घालून हलवलं.

"मी सांगत होतो ना," काका म्हणाले, "मी जात नाहीये."

"हो रे बाबा. पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं आणि आम्ही गाढवं," टांटी म्हणाली. "पण एक सांगते. निरोपाची दिलेली वस्तू परत घ्यायची नसते. घेतली की घरातलं माणूस खरंच जातं. किटली माझ्याकडंच राहील."

"रेडिओपण," ग्लॅडस्टन घाईनं म्हणाला. "आमची आज्जी म्हणायची तसं."

"मग मी बसू कुठं? निजू कुठं?"

बराच खल होऊन खाट तेवढी परत आली, कारण ती नेणाऱ्याकडं ढेकूण झाले होते आणि दोष खाटेला गेला होता. बाकी सगळं नेणाऱ्यांकडंच राहिलं. त्यामुळं काकांना आता दुपारी टेकायचं असलं तर पास्टरकडं जावं लागतं. सामना असला तर ग्लॅडस्टनकडं. अंडं हवं असलं तर कोंबड्यांना भेटायला टेकडीवर. परवा केर्विन फोनवर कुरकुरत होता, "डॅडी, तुम्ही घरी कधी सापडतच नाही."

"कामं असतात," काका म्हणाले.

आणि सकाळी सगळ्यांत आधी रस्ता ओलांडून टांटीच्या दुकानात जावं लागतं, कारण किटली तिथं आहे. टांटी दोन कप भरते. पहिल्या दिवशी काका सवयीनं दुसरा कप उचलून जास्वंद शोधायला लागले, तशी ती खेकसली.

"ए, कुठं घेऊन चाललास? माझा आहे तो."