टाकी थिजली हो!

कडाक्याची थंडी पडणार, असं बातम्यांत सांगितलं, तेव्हा मी छाती फुगवून बायकोला म्हणालो, "उद्या परीक्षा आहे ना तुमच्या शाळेत? निर्धास्त झोप! आपली डिझेल जीप म्हणजे रेडा आहे रेडा! थंडी तिचं काय वाकडं करणार?"

बायको मुख्याध्यापिका. परीक्षेच्या सभागृहाची किल्ली तिच्याच पर्समध्ये!

सकाळी मी ऐटीत स्टार्टर मारला. रेडा कण्हला, खोकला आणि गप्प! बॉनेट उघडून पाहतो, तर फिल्टरमधलं डिझेल हिवाळ्यातल्या खोबरेल तेलासारखं घट्ट!

"मेलो! टाकी थिजली!" मी बोंबललो.

वरच्या मजल्यावरच्या प्लंबरकाकांनी नेमकं तेवढंच ऐकलं. मफलर सावरत ते जिन्यात ओरडत सुटले, "गच्चीवरची टाकी गोठली हो! पाणी तापवा, पाणी!"

झालं! जे दार उघडेल त्यातून बादली बाहेर. कुणी पातेलं, कुणी किटली, एक आजोबा तर दाढीचा मग घेऊन गच्चीकडे निघाले!

मी जिना अडवला. "अहो, वर नाही, खाली! टाकी माझी थिजलीय!"

सोसायटीचे सेक्रेटरी थबकले. "तुमची वेगळी टाकी? कधी बसवलीत? परवानगी कुणाची?"

"डिझेलची हो! जीपची!"

"म्हणजे डिझेलही साठवता?"

मी कपाळावर हात मारून घेतला! तेवढ्यात पाठीमागून बायकोचा शाळेतला आवाज कडाडला, "गडबड नको! एका रांगेत उभे राहा!"

अख्खी बिल्डिंग चिडीचूप रांगेत! सेक्रेटरीसुद्धा! बादल्या हातोहात खाली आल्या. मी फिल्टरला टॉवेल गुंडाळला, प्लंबरकाकांनी त्यावर बेताबेताने गरम पाणी सोडलं. पुन्हा स्टार्टर मारला. घर्र... घर्र... धडाड! काळ्या धुराच्या लोटात सेक्रेटरी दिसेनासे झाले आणि टाळ्यांचा कडकडाट!

घंटेच्या आधी आम्ही शाळेत! फाटकात कुडकुडणाऱ्या पोरांनी अशी आरोळी ठोकली, की मी चक्क हात हलवून अभिवादन स्वीकारलं. बायको म्हणाली, "वाचवलंत हं आज!" लग्नानंतर असं वाक्य प्रथमच कानावर पडत होतं!

पुन्हा थिजायला नको, म्हणून इंजिन चालू ठेवून मी आवारात रुबाबात बसलो. इतक्यात सभागृहाची खिडकी उघडली.

"अहो, मुलं पेपर लिहिताहेत! तो धडधडाट आधी बंद करा!"

मी निमूट चावी फिरवली. घरी बसने आलो.