शाल, नारळ आणि टेविटाची बोट

टेविटाच्या बोटीला गुरुनाथचा ट्रक धडकला तेव्हा बोट पाण्यात नव्हती आणि ट्रकही नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं; कारण ही हकिगत सांगताना ऑकलंडच्या पापाटोएटो भागातले काही जण ट्रक थेट समुद्रात घालतात. बोट होती माउंट रॉस्किलमध्ये, टेविटाच्या घरासमोरच्या गवतावर. ट्रेलरवर, ताडपत्री पांघरून निवांत पडली होती. रविवारची सकाळ होती आणि गुरुनाथचा ट्रक उलटा येत होता.

ट्रकला वाट दाखवायला मागे दोन माणसं उभी होती आणि ती एकमेकांची नवराबायको होती. घोळ तिथेच झाला.

"येऊ दे, येऊ दे! उजवीकडे घे!" तात्याराव ओरडले.

"अहो, उजवीकडे काय? डावीकडे! गुरुनाथ, यांचं ऐकू नकोस!" कमलाबाई.

"अगं, मी बँकेची जीप चालवलीय साताऱ्याला."

"माहितीये. बँकेच्या कुंपणाला अजून भगदाड आहे."

गुरुनाथ स्वभावानं भिडस्त. आरशात त्याला दोघांचेही हात दिसत होते. त्यानं थोडं तात्यारावांचं ऐकलं, थोडं काकूंचं ऐकलं, आणि वडीलधाऱ्यांपैकी कुणाचाही अपमान होऊ न देता ट्रक अलगद शेजाऱ्याच्या बोटीत घातला.

ट्रकमध्ये होता झोपाळा. सागवानी पाट, पितळी कड्या, साताऱ्याहून कंटेनरमधून आलेला. मुलानं माउंट रॉस्किलला घर घेतलं म्हणून म्हातारा-म्हातारी पापाटोएटो सोडून तिकडे निघाली होती. बाकी सामान सामानवाल्यांनी नेलं, पण झोपाळा परक्याच्या हाती द्यायला कमलाबाई तयार नव्हत्या. "आपला गुरुनाथ आहे की," म्हणाल्या. गुरुनाथ आहे की, हे वाक्य ऑकलंडच्या मराठी मंडळींत घराघरांत म्हटलं जातं, कारण आख्ख्या मंडळात ट्रक एकट्या गुरुनाथकडे.

टेविटा आवाज ऐकून बाहेर आला. टोंगाचा माणूस, दारात उभा राहिला की दार दिसत नसे. त्यानं बोटीची चेपलेली कूस पाहिली, फुटलेलं इंजिन पाहिलं, मग गुरुनाथचा चेहरा पाहिला आणि बोटीपेक्षा त्याचीच त्याला जास्त काळजी वाटली.

"ऑल गुड, ब्रो," म्हणाला. "इन्शुरन्स आहे ना? मग स्वीट ॲज, काळजीच नको." आणि घरात जाऊन त्यानं गुरुनाथला तारोच्या, म्हणजे अळूच्या, कंदांनी भरलेली पिशवी आणून दिली.

इन्शुरन्स होता. म्हणजे सुनीतानं काढायला लावला होता. सुनीता ही गुरुनाथची बायको, इस्पितळात नर्स. रोज लोकांची मोडलेली हाडं बघून तिला कशाचाच भरवसा वाटेनासा झालेला. ट्रक गुरुनाथच्या मालकीचा, पण आठवडाभर तो एका मालवाहू कंपनीच्या फेऱ्या करायचा. फेरीवर असताना काही झालं तर कंपनीचा विमा. फेरी संपवून घरी आल्यावर, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या कामाला ट्रक काढला आणि कुणाचं नुकसान झालं, तर? त्यासाठी हा वेगळा विमा. अट एकच होती: त्या वेळी ट्रक भाड्यानं किंवा कसलाही मोबदला घेऊन कुणाचं सामान वाहत नसावा.

विमा कंपनीच्या हेदरबाईंनी फोनवर तेच विचारलं. "तुम्ही त्याबद्दल काही घेतलंत का?"

"नाही हो! घरचीच माणसं ती."

"छान. गुरुवारी मी त्या झोपाळावाल्या बाईंना भेटून खात्री करून घेते."

गुरुनाथनं फोन ठेवला आणि सुनीताकडे बघून हसला. सुनीता हसली नाही. तिनं आपला मोबाइल त्याच्यासमोर धरला. मंडळाच्या ग्रुपवर कमलाबाईंनी टाकलेला फोटो होता. ट्रकपुढे गुरुनाथ उभा, अंगावर शाल, हातात नारळ, बगलेत डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि खाली लिहिलेलं: 'गुरुनाथच्या मदतीबद्दल त्याचा यथोचित सत्कार!' त्याखाली नमस्काराचे हात आणि फुलं किती, त्याला गणतीच नव्हती.

"हा मोबदला झाला," सुनीता म्हणाली.

"अगं, हा मान झाला!"

"ते तू हेदरला समजाव. नाही पटलं तर बोटीचं आपल्याला भरावं लागेल. म्हणजे ट्रक विकायचा आणि तू परत त्या गोदामात खोकी मोजायला."

त्या गोदामातून सुटण्यासाठी तर गुरुनाथनं ट्रक घेतला होता. अजूनही सकाळी किल्ली फिरवली की तो ट्रकच्या स्टिअरिंगला आधी नमस्कार करायचा, मग गिअर टाकायचा. दोघंही त्याच संध्याकाळी माउंट रॉस्किलला गेले.

कमलाबाई झोपाळ्यावर बसून सगळं ऐकत होत्या. पूर्वी साताऱ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका. चूक सांगणाऱ्याला पूर्ण सांगू द्यायचं आणि मग झोडपायचं ही जुनी सवय.

"म्हणजे मी सांगायचं," त्या सावकाश म्हणाल्या, "की एक माणूस सुट्टीच्या दिवशी माझं ओझं वाहायला आला आणि मी त्याला रिकाम्या हाती घालवला?"

"फक्त त्या गोऱ्या बाईसमोर, काकू."

"गोऱ्या बाईसमोर? गोऱ्या बाईसमोर तर मुळीच नाही!"

"अहो काकू, ट्रक जाईल माझा!"

ट्रक म्हटल्यावर कमलाबाईंचा झोपाळा थांबला. त्यांनी खिडकीतून मोडक्या बोटीकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "खोटं मी बोलणार नाही. पण विचारल्याशिवाय काही सांगणारही नाही. चालेल?"

तात्याराव पेपराआडून म्हणाले, "हे तिला जमलं तर शाल-नारळ मी तिला देतो."

गुरुवारी हेदरबाई आल्या. पन्नाशीच्या, शांत, पायात शाळकरी बूट. टेबलावर कांदेपोहे, साटोऱ्या, चकल्या, खोबऱ्याच्या वड्या आणि दोन प्रकारचे लाडू पाहून त्यांना वाटलं इथे आज दुसरा काही कार्यक्रम आहे. सारं बोलणं इंग्रजीत झालं. आपण ते आपल्या भाषेत ऐकू.

"तुम्ही यांना पैसे दिलेत?"

"पैसे?" कमलाबाई ताठ झाल्या. "तो काय हमाल आहे?"

गुरुनाथनं सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत हेदरबाईंनी पुढचा प्रश्न टाकला. "मग दुसरं काही दिलंत?"

कमलाबाईंनी ओठ मिटले. गुरुनाथकडे पाहिलं. गुरुनाथनं डोळ्यांनी हात जोडले. हेदरबाईंनी आपलं सहज म्हटलं, "म्हणजे काहीच दिलं नाही, असं लिहिते."

"लिहिते काय!" कमलाबाई कडाडल्या. "तुम्हाला हे घर आहे तरी कसं वाटलं? शाल दिली, चांगली सोलापूरची. नारळ दिला. डिंकाचे लाडू. थालिपिठाची भाजणी. जाताना आंब्याचं लोणचं!"

हेदरबाई लिहीत होत्या. गुरुनाथला मनातल्या मनात गोदामातली खोकी दिसू लागली. तेवढ्यात खिडकीबाहेर कुंपणावरून टेविटानं मान वर काढून नमस्कार ठोकला. "किया ओरा! आणि तारो विसरू नका. मीपण त्याला तारो दिला."

"तुम्ही?" हेदरबाई गोंधळल्या. "त्यानं तुमची बोट मोडली ना?"

"हो. पण बिचारा फार सॅड दिसत होता."

आता गुरुनाथ खरोखरच डोकं धरून बसला. पण गंमत अशी, की त्याच्या शेजारी बसलेल्या सुनीताच्या डोक्यात ट्रक उरलाच नव्हता. ती ऐकत होती ती फक्त कमलाबाईंची ती यादी, आणि एकेका वस्तूगणिक तिचे कान तापत होते. परक्या बाईला काय वाटेल? की हे जोडपं नुसतंच घेऊन गेलं?

"एक मिनिट," ती म्हणाली. "आम्हीही काही हात हलवत गेलो नव्हतो. नव्या घराला तुळस नेली होती, कुंडीसकट. तांब्याचा तांब्या. काकूंना साडी."

"ते खरंय," कमलाबाई म्हणाल्या. "पण मी लगेच तुझी ओटी भरली."

"काकू, तुमचा ओटा मांडलेला नव्हता म्हणून सगळ्यांचं जेवण मी घरून नेलं होतं. मसालेभात, अळूवडी, कढी."

"तुझ्या डब्यांबरोबर माझ्या डब्यात मी अनारसे पाठवले!"

"तो डबा मी दुसऱ्या दिवशी धुऊन परत केला तेव्हा त्यात चिवडा होता!"

"चिवड्याचं मला सांगू नकोस. तुझ्या बाळंतपणात मेथीचे लाडू कुणी पाठवले?"

"आणि तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर मऊभात कुणी आणला?"

दोघींचे आवाज चढले. हेदरबाईंनी पानाच्या मधोमध रेघ मारली होती. एका बाजूला घेतलेलं, एका बाजूला दिलेलं. लिहिता लिहिता पान संपलं, त्यांनी पान उलटलं, आणि मऊभातापाशी पेन खाली ठेवलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "डिझेल कुणाचं?"

"माझं," गुरुनाथ पुटपुटला.

"म्हणजे या गृहस्थानं डिझेल स्वतःचं घातलं, मजुरी स्वतः केली, जेवण सोबत आणलं, गिऱ्हाइकाला साडी दिली आणि वरून बोट मोडली." त्यांनी चष्मा काढला. "इतक्या वर्षांत मी सुट्टीच्या दिवशी चोरून भाडी मारणारे ढिगानं पाहिलेत. असा धंदा एकानंही केलेला नाही. याला मोबदला म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण आमची अट याच्या आड येत नाही. विमा लागू आहे."

गुरुनाथला रडू यायचं तेवढं बाकी होतं. त्यानं सुनीताचा हात धरला. कमलाबाईंचा चेहरा मात्र उतरला होता.

"म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "त्यांचंच जास्त भरलं?"

हेदरबाई निघाल्या तेव्हा कमलाबाईंनी डबा पुढे केला. हेदरबाई मागे सरल्या. फाइल बंद होईपर्यंत कुणाकडून काही घ्यायची सोय नव्हती. कमलाबाईंनी त्यांना दारातच एक लाडू भरवला आणि खाल्लेलं ते घेतलेलं धरत नाहीत असा निकाल देऊन टाकला.

यथावकाश भरपाई मिळाली. टेविटाची बोट दुरुस्त होऊन समुद्रात गेली. आणि एका सकाळी कमलाबाईंचा फोन आला.

"अरे गुरुनाथ, अवोन्डेलला आमच्या सुलभाकडे एक देवघर आहे. शिसवी. मोठं आहे रे. म्हटलं, आपला गुरुनाथ आहे की."

गुरुनाथ आता शहाणा झाला होता. तो नम्रपणे म्हणाला, "आणतो ना, काकू. पण या खेपेला आपण रीतसर करू. कामाच्या दिवशी, कंपनीकडून फेरी लावून घेतो. तुम्ही भाडं भरा, पावती घ्या. म्हणजे कसलीच भानगड नको."

कमलाबाईंनी एकदम 'तू'वरून 'तुम्ही'वर उडी घेतली.

"भाडं? गुरुनाथराव, तुम्ही आमच्याकडून भाडं घेणार?"

"काकू, त्या हेदरबाईच म्हणाल्या होत्या की..."

"तिचं नाव नका काढू! फाइल बंद झाल्यावर मी तिच्या ऑफिसात डबा पाठवला होता लाडवांचा. काल परत आला. रिकामा नाही पाठवला तिनं. आपल्या परसातल्या फिजोआच्या फळांनी काठोकाठ भरून पाठवला, झाकण लागत नव्हतं! ती कुठली कोण, तिला कळलं. आणि तुम्ही आपले, चिंचवडचे असून पावती फाडताय?"

गुरुनाथनं मान वर करून सुनीताकडे पाहिलं. फोनमधला शब्द न् शब्द तिला ऐकू आला होता. तिनं कपाटातली मोठी पातेली खाली काढायला सुरुवात केली.

"रविवारी किती वाजता येऊ, काकू?" गुरुनाथनं विचारलं.